प्रस्ताव आणि करारनामा : स्वतंत्र वेब-रचनाकाराच्या व्यवसायाचा पाया



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात संतवाङ्मय, इतिहास किंवा शिक्षणविचार यांपैकी एखादा विषय असावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या पंक्तीत ‘करारनामा’ हा विषय काहीसा बाजारी वाटेल. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला आहे, आणि त्याचे कारण आज समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांमध्येच आहे.

हैदराबादेतील मराठी कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या प्रामुख्याने नोकरीवर चालत आला. निजामाच्या अमलात कचेरी आणि शाळा, पुढे रेल्वे, बँक, रामचंद्रपुरमचा ‘भेल’ किंवा ‘ईसीआयएल’ अशी ती वाट होती. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्या वाटेला नवा फाटा फुटला. पण तोही नोकरीचाच. आता मात्र या शाळेची काही मुले-मुली कोणाच्याही हजेरीपटावर नाहीत. काचीगुड्याच्या किंवा सुलतान बाजारच्या घरात एक संगणक आणि एक टेबल मांडून ती दवाखान्यांच्या, दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट घडवतात. रंगसंगती, अक्षररचना, संगणकाची भाषा यांत ती तरबेज आहेत. ज्यात ती कच्ची आहेत ती गोष्ट दोन-तीन पानांची आहे : काम घेण्यापूर्वी द्यावयाचा प्रस्ताव आणि काम ठरल्यावर करावयाचा करारनामा.

हे कच्चेपण बुद्धीचे नव्हे, संस्काराचे आहे. बेगम बाजारच्या व्यापाऱ्याचा मुलगा लहानपणापासून दुकानात बसून उधारी, वायदा आणि वसुली पाहत असतो. नोकरदाराच्या घरात मुलाच्या दृष्टीस पडणारा करार म्हणजे फार तर घरभाड्याचा. पगार पहिल्या तारखेला येतो, तो मागावा लागत नाही. म्हणून पैसे मागण्याची भाषाच त्या घरात घडत नाही. त्यात भीड. ‘एवढ्या मोठ्या डॉक्टरांना लिहून द्या कसे म्हणायचे?’ असा प्रश्न घेऊन माझ्याकडे वकिली सल्ल्यासाठी येणारी मुले मी अनेकदा पाहतो. ती काम पूर्ण झाल्यावर येतात, सुरू होण्यापूर्वी क्वचितच. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. ती म्हण या व्यवसायाइतकी अन्यत्र क्वचित लागू पडत असेल.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली आहे, असे काहीजण सांगतात. परंपरा तसे सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या, म्हणजे ‘धर्मस्थीय’ अधिकरणात कामगारांच्या मजुरीचा विचार आहे. कामाचा ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावा, मजुरी बोलून ठरली असेल तर तेवढी मिळावी आणि बोलून ठरली नसेल तर काम व काळ पाहून मिळावी, असा तेथील आशय आहे. त्या काळी शेजाऱ्यांची स्मृती हाच कागद होता. आपल्या भाषेत तर ‘विसार’ हा स्वतंत्र शब्द आहे. जमिनीच्या व्यवहारात ज्याला इसार म्हणतात आणि दखनीत बयाना म्हणतात, तोच हा. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ रक्कम हाती ठेवायची. कबुलायत, कौलनामा, इकरारनामा या शब्दांनी आपली जुनी दप्तरे भरलेली आहेत. घर विकताना विसार मागण्यात कमीपणा नाही आणि वेबसाइट करताना मागण्यात आहे, हे कोणत्या तर्काने?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यासाठी छत्ता बाजारला एक फेरी मारली पाहिजे. जुन्या शहरातील हा बाजार लग्नपत्रिकांच्या छपाईसाठी आणि उर्दू कातिबांसाठी प्रसिद्ध आहे. छापखान्याचा व्यवहार कसा चालतो, हे आपल्यापैकी ज्यांनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून घेतल्या असतील त्यांना ठाऊक आहे. आधी काही रक्कम द्यावी लागते. मग मुद्रित हाती येते. ते वाचून, आत्याबाईंचे नाव राहून गेले असेल तर घालून, आपण त्यावर सही करतो. सही झाली की कागद यंत्रावर चढतो. त्यानंतर मामांनी सांगितले की मुहूर्ताची ओळ वर घ्या, तर मुद्रक शांतपणे म्हणतो, ‘पुन्हा छापावे लागेल, खर्च पडेल.’ कोणी रागावत नाही. कारण छापून झालेला कागद सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. काम संपल्याची साक्ष तो कागदच देतो.

वेब-रचनाकार हा व्यवसायाने या मुद्रकाचा वारस. अक्षरे, चित्रे, मांडणी, ग्राहकाची पसंती, सगळे तेच. परंतु त्याच्याकडे ते यंत्र नाही. पडद्यावरची वेबसाइट कधीच ‘छापून होत’ नाही. आज सायंकाळी रंग बदला, उद्या सकाळी एक पान वाढवा, परवा तेलुगूतही करा : प्रत्येक मागणी शक्य असते, आणि शक्य आहे म्हणून ती फुकटात व्हावी असे ग्राहकास प्रामाणिकपणे वाटते. यात ग्राहकाची लबाडी असतेच असे नाही. बदलाचा खर्च त्याला दिसत नाही, एवढेच. पूर्वी काम कोठे संपते हे कागद आणि शाई सांगत होती. आता ते शब्दांनी सांगावे लागते. प्रस्ताव आणि करारनामा यांचे या व्यवसायातील खरे प्रयोजन हे आहे. कोर्टकचेरी हा त्याचा दुय्यम उपयोग.

प्रसंगवश एक गंमत सांगतो. ज्या वेबच्या जिवावर हा व्यवसाय उभा आहे, ते वेबही एका प्रस्तावातूनच जन्मले. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत आपल्या वरिष्ठांस माहिती-व्यवस्थापनाविषयी एक लेखी प्रस्ताव दिला. वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला, त्याचा अर्थ असा की हे धूसर आहे, पण उत्कंठावर्धक आहे. संशोधन संस्थेला धूसर प्रस्ताव परवडतो. काचीगुड्यातल्या एकट्या कारागिराला तो परवडत नाही.

तेव्हा प्रस्ताव कसा असावा? एक कल्पित उदाहरण घेऊ. सुलतान बाजारमधील एका साडीच्या दुकानाची वेबसाइट करावयाची आहे आणि चाळीस हजार रुपये बोलणी झाली आहेत. बहुतेक तरुण लिहितात : ‘आपल्या दुकानाची आकर्षक व अद्ययावत वेबसाइट करून देऊ. एकूण रुपये ४०,०००.’ या वाक्यात ‘आकर्षक’ आणि ‘अद्ययावत’ हे दोन शब्द असे आहेत की त्यांची पूर्तता जन्मात होणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या ठरावाचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो ठराव रद्दबातल ठरतो. असे वाक्य लगेच रद्दबातल ठरेल असे मी म्हणत नाही. पण त्याच्या आधाराने कोणी काही मागूही शकणार नाही आणि नाकारूही शकणार नाही.

त्याऐवजी लिहावे की मुखपृष्ठ, दुकानाविषयी, साड्यांचे प्रकार, छायाचित्रे आणि संपर्क अशी पाच पाने होतील. मजकूर इंग्रजीत असेल. मजकूर आणि छायाचित्रे दुकानाकडून अमुक तारखेपर्यंत मिळावीत. मांडणीचा एक नमुना दाखवला जाईल आणि त्यात दोन वेळा दुरुस्ती करून दिली जाईल. तिसऱ्या दुरुस्तीपासून तासाला अमुक दर पडेल. आणि मग, सर्वांत महत्त्वाचे, या रकमेत काय नाही तेही लिहावे : ऑनलाइन विक्रीची व्यवस्था नाही, तेलुगू आवृत्ती नाही, छायाचित्रण नाही, वेबसाइटच्या नावाचे आणि जागेचे वार्षिक शुल्क नाही. ‘नाही’चा हा परिच्छेद लिहिताना हात अडखळतो, ग्राहक बिचकेल असे वाटते. माझा अनुभव उलट आहे. ‘नाही’ वाचल्यावरच ग्राहकाला आपल्याला नेमके काय हवे होते ते सुचते, आणि पुष्कळदा तेथेच चाळीसाचे साठ हजार होतात, तेही राजीखुशीने.

मजकूर येण्याच्या तारखेविषयी थोडे अधिक बोलतो, कारण कामे अडकतात ती बहुधा येथेच. रचनाकाराने पंधरवड्यात मांडणी तयार केली. दुकानदार म्हणतो, ‘दिवाळीची गर्दी आहे, फोटो नंतर पाठवतो.’ दिवाळी जाते, संक्रांत येते, उगादीही जाते. काम अपुरे म्हणून शेवटचा हप्ता नाही, आणि अपुरेपण तर ग्राहकाचे. यास्तव करारात लिहावे की मागितलेला मजकूर तीस दिवसांत न आल्यास तो टप्पा पूर्ण झाला असे समजून त्याचे बिल देय होईल. हे वाक्य कठोर दिसते. पण ते लिहिलेले असले की बहुधा फोटो वेळेवर येतात आणि ते वापरण्याची वेळ येत नाही.

पैशांचे टप्पे कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असावेत. आरंभी विसार म्हणून एकूण रकमेच्या तीस-चाळीस टक्के, मांडणी पसंत पडल्यावर तेवढेच आणि उरलेले वेबसाइट लोकांसाठी खुली करण्यापूर्वी. ‘पूर्वी’ हा शब्द अधोरेखित करावा. काम मध्येच थांबले तर तोवर झालेल्या कामाचे किती द्यावयाचे, तेही लिहावे. मांडणी पसंत पडल्याची लेखी संमती घ्यावी. ती मुद्रितावरच्या सहीसारखी आहे, मग ती ई-मेलमध्ये एका ओळीची का असेना.

येथे साहजिकच विचारले जाते की अशा ई-मेलला कायद्यात काही किंमत आहे काय? निःसंशय आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम १०-अ आले, आणि केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अग्राह्य ठरत नाही, हे स्पष्ट झाले. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या प्रकरणात हीच दिशा पक्की केली. ऑस्ट्रेलियातून बॉक्साइट आणण्याचा तो व्यवहार होता. सविस्तर करारनाम्यावर सही व्हायची राहून गेली होती, पण ई-मेलमधून प्रस्ताव आणि त्यास निःसंदिग्ध स्वीकृती झाली होती. न्यायालयाने करार पूर्ण झाल्याचे मान्य केले. ज्या पद्धतीने जहाजभर खनिजाचा सौदा सिद्ध होतो, त्या पद्धतीने पाच पानांची वेबसाइट सिद्ध व्हायला हरकत नाही. नोटरीचा शिक्का हवाच, दोन साक्षीदार हवेतच, ही आपल्याकडची दृढ समजूत अशा करारांना लागू नाही. मुद्रांकाचे मात्र तसे नाही. ज्या दस्तावर मुद्रांक शुल्क लागते तो शुल्काविना असेल, तर शुल्क व दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेता येत नाही. तेवढे शुल्क आरंभीच भरावे.

आणि काही म्हणजे काहीच लिहिलेले नसेल तर? करार कायद्याचे कलम ७० आधाराला येते. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याचा मोबदला देणे त्यास भाग आहे. कौटिल्याचे ‘काम आणि काळ पाहून’ आणि हे कलम यांत मला तरी नाते दिसते. पण या वाटेने जाणाऱ्याला कामाची किंमत काय, लाभ कोणी किती घेतला, हे सारे शाबीत करावे लागते, आणि मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत दावा आणावा लागतो. चाळीस हजारांसाठी एवढी यातायात कोण करील?

आता साधनांविषयी. प्रस्ताव आणि करारनामे तयार करून देणारी पुष्कळ साधने आज संगणकावर उपलब्ध आहेत. बोन्साय, प्रोपोसिफाय, डॉक्युसाइन ही नावे आपल्यापैकी तरुणांच्या परिचयाची असतील. नाव, काम, रक्कम भरली की सुबक प्रस्ताव तयार होतो; काही साधने तर ग्राहकाने तो केव्हा उघडला तेही सांगतात, आणि सही तेथेच घेता येते. आपल्याकडे आधारवर आधारलेली ई-स्वाक्षरी २०१५ पासून कायद्याने मान्य आहे. ब्रिटनमधील अँडी क्लार्क या वेब-रचनाकाराने २००८ साली साध्या, बोलक्या इंग्रजीत लिहिलेला एक नमुना-करार सर्वांसाठी खुला केला. करार म्हणजे दुर्बोध भाषा हे समीकरण मोडण्यात त्या मसुद्याचा वाटा आहे, आणि त्याच्यापासून आम्हा वकिलांनीही काही शिकण्यासारखे आहे. अलीकडे तर संगणकाला सांगितले की तो करारनामा स्वतःच रचूनही देतो.

ही साधने मी निषिद्ध मानत नाही. त्यांचा सर्वांत मोठा गुण असा की ती विसरत नाहीत : तारीख, हप्ता, दुरुस्तीची फेरी, सगळ्याची नोंद राहते. भिडस्त माणसाला तर ती वरदान आहेत, कारण हप्त्याची आठवण साधन करून देते, आपल्याला फोन करून घसा साफ करावा लागत नाही. माझा आक्षेप त्यांतून उतरवून घेतलेल्या मजकुराला आहे. तो मजकूर बहुधा अमेरिकेच्या कायद्यासाठी लिहिलेला असतो आणि हैदराबादच्या दुकानदाराच्या सहीने आपल्या न्यायालयात येतो.

त्यातील सर्वांत घातक उदाहरण स्वामित्वहक्काचे. अमेरिकी मसुद्यांत ‘वर्क मेड फॉर हायर’ असा शब्दप्रयोग असतो. म्हणजे काम करवून घेणारा हाच जणू मूळ कर्ता. तो १९७६ च्या तेथील स्वामित्व कायद्यातील आहे. गंमत अशी की स्वतंत्र कारागिराच्या कामाला तो तेथेही सरसकट लागू होत नाही. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराचा खटला गाजला. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्याच्याकडून शिल्प करवून घेतले होते; हक्क कोणाचा याविषयी दोघांनी काहीच लिहून ठेवले नव्हते. शिल्पकार संस्थेचा नोकर नव्हता, म्हणून हे ‘करवून घेतलेले काम’ होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. तो सारा खटला एका न लिहिलेल्या परिच्छेदासाठी चालला.

आपल्या स्वामित्वहक्क कायद्याची, म्हणजे १९५७ च्या कायद्याची, व्यवस्था निराळी आहे. कलम १७ प्रमाणे कर्ता हाच प्रथम मालक. नोकरीत केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. पण स्वतंत्र व्यावसायिक हा नोकर नव्हे. म्हणून त्याने लिहिलेली संगणकाची आज्ञावली, जिला कायदा साहित्यकृतीत गणतो, ती पैसे मिळाले तरी आपोआप ग्राहकाची होत नाही. याउलट मोबदला घेऊन ग्राहकाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांचा प्रथम मालक, विरुद्ध ठराव नसेल तर, ग्राहक. एकाच वेबसाइटवर असे दोन कायदे शेजारी नांदतात! हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची, व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे मानले जाते. तेव्हा उतरवून घेतलेला परदेशी मसुदा रचनाकाराला तारत नाही आणि ग्राहकालाही नाही. सहाव्या वर्षी दुकानदाराला कळते की आपल्या वेबसाइटवरचा आपला हक्क संपला. सरळ मराठीत एक वाक्य पुरे : ‘संपूर्ण मोबदला मिळाल्यावर या वेबसाइटच्या मांडणीचे व आज्ञावलीचे स्वामित्वहक्क, त्यांच्या पूर्ण मुदतीसाठी व सर्व देशांसाठी, ग्राहकाकडे हस्तांतरित होतील, रचनाकाराने पूर्वीच तयार केलेले सामायिक भाग वापरण्याचा ग्राहकास कायम परवाना राहील.’ यातील ‘संपूर्ण मोबदला मिळाल्यावर’ हे शब्द कोणत्याही दंडाच्या कलमापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

दंडाविषयीही तेच. ‘विलंब झाल्यास दररोज हजार रुपये’ असे लिहून पाहणाऱ्यांना सांगावेसे वाटते की करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देते, लिहिलेला आकडा ही केवळ कमाल मर्यादा. काम संपल्यावरही दोन वर्षे दुसऱ्या साडी-दुकानाचे काम करू नये, असे ग्राहकाने घातलेले कलम भीतिदायक दिसते; पण कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. ‘वाद डेलावेअर राज्याच्या न्यायालयात’ हे वाक्य तर मी कोटीच्या दुकानाच्या करारात वाचले आहे. ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला पक्षकार आपसांत अधिकार देऊ शकत नाहीत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच हाकमसिंग विरुद्ध गॅमन इंडिया या निर्णयात सांगितले आहे. ग्राहक आणि रचनाकार दोघेही येथलेच असतील तर ‘हैदराबाद’ हा एक शब्द पुरे.

ग्राहक खरोखरीच अमेरिकेत असेल तर गोष्ट वेगळी. येथील न्यायालयाचा हुकूमनामा तेथे थेट अमलात आणता येत नाही. डॅलसच्या ग्राहकाकडून साठ हजार वसूल करण्यासाठी तेथे वकील लावणे हे हास्यास्पद आहे. तेथे कागदापेक्षा विसाराची रक्कम मोठी हवी आणि टप्पे लहान हवेत. न्यूयॉर्क शहराने मात्र २०१७ पासून स्वतंत्र व्यावसायिकांसाठी कायदाच केला : आठशे डॉलर किंवा अधिक किमतीच्या कामाला लेखी करार सक्तीचा, आणि तारीख ठरली नसेल तर तीस दिवसांत पैसे. २०२४ मध्ये तसा कायदा सबंध राज्यात आला. श्रीमंत शहरातसुद्धा लोक कारागिराचे पैसे बुडवतात, एवढे त्यावरून कळते.

आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, पण एक साधन आहे आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६. घरातून एकट्याने काम करणारा वेब-रचनाकारही सेवा देणारा सूक्ष्म उपक्रम म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. ती संगणकावरून होते आणि विनाशुल्क आहे. नोंदणी असली की कलम १५ प्रमाणे ग्राहकाने ठरल्या तारखेला, आणि कराराने कितीही लांब तारीख दिली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे मानले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर देणेकऱ्याला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम जमा करावी लागते. केवळ हे कलम बिलाच्या तळाशी छापल्याने मोठ्या कंपन्यांचे हिशेब-खाते जागे होते. नोंदणी कामाच्या आधीची हवी की नंतरची चालेल, यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. त्या वादात आपण पडू नये. पहिले काम घेण्यापूर्वीच नोंदणी करून ठेवावी.

एका गोष्टीपासून मात्र मी तरुणांना निक्षून परावृत्त करीन. पैसे मिळाले नाहीत म्हणून रात्री जुन्या परवलीच्या शब्दाने शिरून ग्राहकाची वेबसाइट बंद पाडायची, हा उपाय मित्रमंडळी हमखास सुचवतात. वेबसाइट एकदा सुपूर्त केल्यावर परवानगीविना तिच्यात शिरणे आणि ती बिघडवणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ भरपाई आणि कलम ६६ शिक्षा सांगते. ज्याचे चाळीस हजार येणे होते तो आरोपी होऊन बसतो. याच कारणास्तव वेबसाइटचे नाव आरंभापासून ग्राहकाच्याच नावे नोंदवावे. ते स्वतःच्या नावे घेऊन ओलीस ठेवणे ही या व्यवसायातली जुनी आणि हलकी खोड आहे.

शेवटी नातेवाईक. आपल्या समाजात पहिले काम बहुधा काकांच्या दवाखान्याचे, मावशींच्या संगीत वर्गाचे किंवा मंडळाच्या गणेशोत्सवाचे असते. तेथे प्रस्ताव द्यावा काय? द्यावा, आणि पूर्ण किमतीचा द्यावा. काम प्रेमाखातर करायचे असेल तर चाळीस हजार लिहून त्याखाली ‘सवलत रुपये चाळीस हजार’ असे लिहावे. पाच पाने, दोन दुरुस्त्या आणि मजकुराची तारीख मात्र तशीच ठेवावी. काकांना कामाची किंमत कळते, पुतण्याला कामाचा शेवट कळतो, आणि पुढल्या वर्षी काकांच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना कोणता आकडा सांगायचा, हा प्रश्न उरत नाही. मंडळाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी : दुरुस्त्या कोणी सांगायच्या त्या एका पदाधिकाऱ्याचे नाव कागदावर हवे. कार्यकारिणीतील अकरा जणांनी अकरा रंग सुचवल्यावर कोणता मानायचा, याचे उत्तर करार कायद्यात नाही.

प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्ष महोदयांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांनी आपले प्रस्तावांचे कच्चे मसुदे सोबत आणले असतील त्यांनी ते पुढे आणावेत. आपण ते येथेच वाचू.